कंपवात आणि मायक्रोआरएनए : संशोधन कोठवर आले आहे?

वार्षिक अहवालात जमाखर्चाच्या ताळेबंदाबरोबर एखाद्या आजाराची सविस्तर ओळख करून द्यावी, म्हणजे आपण दिलेली देणगी कोणत्या दुःखावर खर्ची पडते हे देणगीदारांना उमगते आणि रुग्णांच्या नातेवाइकांनाही काही हाती लागते, अशी आमची धारणा आहे. यंदा या पानांसाठी आम्ही कंपवात, म्हणजेच पार्किन्सन्सचा आजार निवडला आहे. त्याला निमित्तही तसेच आहे. २०२४ सालचे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक व्हिक्टर अँब्रोस आणि गॅरी रुवकुन या दोन अमेरिकन शास्त्रज्ञांना मायक्रोआरएनए या सूक्ष्म रेणूच्या शोधाबद्दल मिळाले. त्यानंतर वृत्तपत्रांतून या रेणूविषयी बरेच लिहून आले आणि कंपवाताच्या रुग्णांचे नातेवाईक दोन प्रश्न विचारू लागले : या रेणूच्या रक्ततपासणीने आजार आधीच कळतो का? आणि त्यावर आधारलेले औषध मिळते का?

दोन्ही प्रश्नांचे आजचे उत्तर 'अद्याप नाही' असे आहे. तथापि एवढेच सांगून थांबणे योग्य होणार नाही. हे संशोधन खरे आहे, मोलाचे आहे आणि त्यातून या आजाराचे मर्म अधिक स्पष्ट होत आहे. ते कोठवर आले आहे हे समजले, तर कुटुंबांचा पैसा भलत्या ठिकाणी जाणार नाही आणि जे उपचार आज हाताशी आहेत ते हयगयीने सुटणार नाहीत. आम्ही प्रशासनातील माणसे; आमचे शिक्षण वाणिज्य शाखेचे. म्हणून शक्य तेथे आमच्या परिचयाच्या हिशेबाच्या भाषेतच हा विषय मांडत आहोत.

आजाराची ओळख

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ साली एका छोट्या पुस्तिकेत या आजाराचे वर्णन केले आणि पुढे त्यांचेच नाव आजाराला मिळाले. त्यांचा जन्मदिवस, ११ एप्रिल, हा जगभर पार्किन्सन्स दिन म्हणून पाळला जातो. आपल्याकडे आयुर्वेदाच्या परंपरेत 'कंपवात' हे नाव फार पूर्वीपासून रूढ आहे.

नावात कंप असला, तरी हा आजार केवळ हात थरथरण्याचा नाही. त्याची प्रमुख लक्षणे तीन : हालचालींतील मंदपणा, स्नायूंचा ताठरपणा आणि हात स्वस्थ ठेवलेला असताना होणारा कंप. यांपैकी मंदपणा हे सर्वांत महत्त्वाचे लक्षण होय. कित्येक रुग्णांत कंप मुळीच नसतो. बहुधा लक्षणांची सुरुवात शरीराच्या एका बाजूने होते. सदऱ्याची बटणे लावायला वेळ लागतो, अक्षर बारीक होत जाते, चालताना एक हात हलत नाही, पावले आखूड पडतात, आवाज खाली जातो आणि चेहऱ्यावरचे भाव मावळतात. घरातील मंडळींना वाटते, 'वय झाले आता.' याच एका वाक्यापायी अनेकांची उपचारांविना वर्षे जातात.

त्याहून विशेष गोष्ट अशी की, ही लक्षणे दिसण्याच्या कितीतरी वर्षे आधी काही खुणा उमटलेल्या असू शकतात. वास कमी येणे, जुनाट बद्धकोष्ठता, झोपेत स्वप्नाबरहुकूम हातपाय झाडणे वा ओरडणे, या त्या खुणा होत. त्या असलेल्या प्रत्येकाला कंपवात होतोच असे नाही. परंतु आजार हाताच्या कंपाआधी बराच काळ शरीरात मुक्काम करून असतो, हे त्यांवरून कळते. संशोधकांना त्याची लवकर चाहूल देणारी एखादी तपासणी हवी आहे, ती याचसाठी.

मेंदूत काय घडते

मेंदूच्या मध्यभागी खालच्या बाजूस काळसर रंगाचा एक लहानसा भाग आहे. त्याचे शास्त्रीय नाव सब्स्टॅन्शिया नायग्रा, म्हणजे काळा पदार्थ. येथील चेतापेशी डोपामिन नावाचे रसायन तयार करतात आणि त्याच्या बळावर शरीराच्या हालचाली सुरळीत चालतात. कंपवातात या पेशी हळूहळू नष्ट होतात. हालचालींतील दोष डोळ्यांना दिसू लागतो, तोवर यांपैकी निम्म्याच्या आसपास किंवा त्याहून अधिक पेशींचे कार्य गेलेले असते.

१९६०च्या सुमारास व्हिएन्नातील संशोधकांनी या रुग्णांच्या मेंदूत डोपामिनची मोठी तूट असल्याचे दाखविले. डोपामिन थेट दिले तर ते मेंदूत शिरत नाही. त्यामुळे मेंदूत गेल्यावर ज्याचे डोपामिनमध्ये रूपांतर होते, ते लेवोडोपा नावाचे द्रव्य देण्यात येऊ लागले. १९६७ साली जॉर्ज कोटझियास यांनी ते तोंडावाटे वाढत्या मात्रेत देऊन उत्तम परिणाम दाखविला. आजही हेच औषध या आजाराचा मुख्य आधार आहे.

या औषधाचे आपल्या मातीशी एक नाते आहे. रानात, कुंपणावर वाढणाऱ्या खाजकुहिलीच्या बियांमध्ये लेवोडोपा असते, हे दामोदरन आणि रामस्वामी या भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी १९३७ सालीच दाखवून दिले होते. मुंबईत डॉ. अशोक वैद्य, डॉ. नोशीर वाडिया आदींनी कुहिलीच्या बियांच्या चूर्णाचा कंपवाताच्या रुग्णांवर अभ्यास केला व तो १९७८ साली प्रसिद्ध झाला. तथापि प्रत्येक बीमध्ये लेवोडोपाचे प्रमाण सारखे नसते. गोळ्या चालू असताना हे चूर्ण मनाने घेतल्यास मात्रा जास्त होण्याचा धोका असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घेऊ नये.

लेवोडोपाने तूट भरून निघते. पेशींचा नाश मात्र थांबत नाही. खतावणीत दरमहा तोटा येत असताना बाहेरून रक्कम आणून खाते चालू ठेवावे, तसे हे आहे. तोटा मुळात का होतो, हा प्रश्न त्यामुळे शिल्लक राहतो.

प्रश्न प्रमाणाचा आहे

या प्रश्नाचा एक मोठा दुवा १९९७ साली मिळाला. इटलीतील आणि ग्रीसमधील काही कुटुंबांत कंपवात पिढ्यानुपिढ्या चालत आला होता. त्यांच्या तपासणीत अल्फा-सायन्यूक्लिन नावाचे प्रथिन घडविणाऱ्या जनुकात दोष सापडला. त्याच वर्षी असेही आढळले की, रुग्णांच्या चेतापेशींत साठणाऱ्या गोळ्यांमध्ये, ज्यांना लेवी पिंड म्हणतात, मुख्यत्वे हेच प्रथिन असते. निरोगी मेंदूतही ते असतेच. आजारात मात्र त्याच्या गुठळ्या होतात आणि पेशी कोलमडते.

त्यानंतर २००३ साली अमेरिकेतील एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. या कुटुंबातील रुग्णांत सदर जनुकात कोणताही बिघाड नव्हता. जनुकाच्या प्रती तेवढ्या जास्त होत्या. आपणा सर्वांच्या पेशींत त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून आलेली. या रुग्णांत त्या चार होत्या. प्रथिन अगदी निर्दोष, पण दुप्पट. आणि तेवढ्यानेच आजार झाला, तोही कमी वयात आणि तीव्र स्वरूपात. पुढच्याच वर्षी तीन प्रती असलेली कुटुंबेही सापडली. त्यांच्यात आजार तुलनेने उशिरा आणि सौम्य होता.

हिशेब जाणणाऱ्या कोणालाही यातील बोध चटकन ध्यानात येईल. माल चांगला असूनही साठा प्रमाणाबाहेर गेला की गोदाम अडचणीत येते. अशा कुटुंबांत अल्फा-सायन्यूक्लिनचे नुसते प्रमाणच आजाराला कारण ठरले. मग पेशीमध्ये हे प्रमाण ठरविते कोण? येथे मायक्रोआरएनएचा प्रवेश होतो.

मायक्रोआरएनए म्हणजे काय

प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनए असतो. त्यास आपण तिजोरीत ठेवलेली मूळ खतावणी समजू. ही खतावणी तिजोरीबाहेर काढली जात नाही. एखादे प्रथिन हवे असले की, त्या प्रथिनाच्या पानाची नक्कल निघते. या नकलेस संदेशवाहक आरएनए म्हणतात. आपण तिला व्हाउचर म्हणू. व्हाउचर केंद्रकाबाहेर येते, रायबोसोम नावाच्या खिडकीवर जाते आणि तेथे त्याबरहुकूम प्रथिन तयार होते. जितकी व्हाउचरे खिडकीवर पोहोचतील, तितके प्रथिन बनेल.

आता कोणत्याही नीट चालणाऱ्या कचेरीत व्हाउचर निघाले की लगेच रक्कम अदा होत नाही. मधे एक लेखापाल बसलेला असतो. तो पाहतो आणि गरजेपेक्षा जास्त झालेली व्हाउचरे रोखून धरतो किंवा रद्द करतो. पेशीतला हा लेखापाल म्हणजे मायक्रोआरएनए होय. तो अतिशय आखूड असतो. साधारण २२ अक्षरांची एक चिठ्ठीच म्हणा ना. त्याच्यापासून स्वतःचे असे प्रथिन बनत नाही. तो ठरावीक व्हाउचरांच्या शेपटाकडील मजकुराशी जुळतो, तेथे चिकटतो आणि मग ते व्हाउचर एकतर खिडकीवर थांबून राहते किंवा नष्ट केले जाते. एक लेखापाल अनेक खात्यांची व्हाउचरे पाहतो आणि एकाच खात्यावर अनेक लेखापालांची नजर असते. मानवी पेशींत अशा मायक्रोआरएनएंची जनुके एक हजाराहून अधिक आहेत.

याचा शोध लागला तो जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीमध्ये. १९९३ साली अँब्रोस आणि रुवकुन यांनी, एकाने हार्वर्ड विद्यापीठात व दुसऱ्याने मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये स्वतंत्रपणे काम करीत, या कृमीच्या वाढीवर ताबा ठेवणारा असा पहिला रेणू उलगडला. त्या वेळी शास्त्रजगताने त्याची फारशी दखल घेतली नाही. हा कृमीचाच काहीतरी विशेष असावा, असा समज होता. २००० साली रुवकुन यांच्या गटाने दुसरा रेणू जाहीर केला आणि तो कृमीपासून मानवापर्यंत बहुतेक प्राण्यांत जसाच्या तसा असल्याचे दिसले, तेव्हा सर्वांचे डोळे उघडले. पहिल्या शोधानंतर नोबेल मिळेपर्यंत ३१ वर्षे लोटली.

कंपवाताशी संबंध

या दोन धाग्यांची गाठ २००७ साली पडली. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातील संशोधकांनी उंदरांच्या डोपामिन पेशींतून डायसर नावाचे एक विकर काढून टाकले. मायक्रोआरएनए तयार होताना शेवटची कापणी हेच विकर करते. ते गेल्याबरोबर त्या पेशींतील जवळपास सारे लेखापाल एकदम हटले. परिणामी डोपामिन पेशी क्रमाक्रमाने मरू लागल्या आणि उंदरांच्या हालचाली मंदावल्या. चेतापेशी जगण्यासाठी मायक्रोआरएनए आवश्यक आहेत, हे या प्रयोगाने दाखविले.

त्याच संशोधकांना असेही दिसले की, कंपवाताने मरण पावलेल्या रुग्णांच्या मध्यमेंदूत मिर-१३३बी या नावाचा मायक्रोआरएनए फार कमी झालेला आहे. स्वाभाविकच, गुन्हेगार सापडला असे वाटले. परंतु २०१२ साली दुसऱ्या संशोधकांनी हा एकच रेणू नसलेले उंदीर तयार केले, तेव्हा त्यांच्या डोपामिन पेशी अगदी ठीक निघाल्या. याचा अर्थ पहिले निरीक्षण खोटे होते असा नाही. एखाद्या कार्यालयातील निम्मे कर्मचारी सोडून गेले, तर त्यांच्या सह्यांचे कागदही कमी सापडणारच. सह्या कमी झाल्या म्हणून कर्मचारी गेले, असे कोणी म्हणणार नाही. रुग्णाच्या मृत्यूनंतर मेंदू तपासताना कारण कोणते आणि परिणाम कोणता, हे वेगळे करणे असेच कठीण असते. वाचकांनी हे एक उदाहरण स्मरणात ठेवावे; 'अमुक रेणू कमी आढळला' अशी बातमी वाचताना ते उपयोगी पडेल.

अधिक भक्कम पुरावा मिर-७ या मायक्रोआरएनएबाबत मिळाला. २००९ साली न्यू जर्सीतील संशोधकांनी दाखविले की, हा रेणू अल्फा-सायन्यूक्लिनच्याच व्हाउचरला चिकटतो आणि त्याचे उत्पादन खाली आणतो. म्हणजे ज्या प्रथिनाचा साठा वाढल्याने आजार होतो, त्याच खात्यावर बसलेला हा लेखापाल. पुढे मिर-१५३ हा रेणूही याच कामी त्याला साथ देतो असे आढळले. कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूतील त्या काळसर भागात मिर-७ कमी असल्याचे निष्कर्षही नंतर प्रसिद्ध झाले. येथे दुवे एकमेकांत बसतात : लेखापाल कमी झाला, व्हाउचरे बेसुमार सुटली, साठा वाढला आणि गुठळ्या झाल्या. ही साखळी प्रत्येक रुग्णात अशीच घडते, हे मात्र अजून सिद्ध व्हावयाचे आहे.

२०११ साली स्पेनमधील बार्सिलोना येथील संशोधकांनी मिर-३४ या कुळातील दोन रेणू कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत कमी असल्याचे नोंदविले. त्यांच्या निरीक्षणाचे महत्त्व असे की, ही घट आजाराच्या अगदी प्रारंभीच्या, हालचालींचा दोष दिसण्यापूर्वीच्या अवस्थेतील मेंदूंतही होती. पेशी मोठ्या संख्येने मरण्याआधीच लेखापाल कमी झाले असतील, तर ते केवळ परिणाम म्हणून झटकून टाकता येत नाही. फळमाशीवरील २०१० सालच्या प्रयोगांत याहून वेगळी बाजू दिसली. कंपवाताशी निगडित असलेल्या एलआरआरके-२ या जनुकात दोष असला की, लेट-७ सारख्या मायक्रोआरएनएंचा वचकच कमी होतो. लेखापाल जागेवर असतो, पण त्याचा शिक्का चालत नाही.

सारांश, मायक्रोआरएनए हे कंपवाताचे एकमेव कारण नाही. वाढते वय, अनुवंश आणि परिसर या तिन्हींचा भार पेशीवर पडतो आणि तो सावरणारी जी अंतर्गत शिस्त आहे, तिचा हा एक महत्त्वाचा भाग आहे.

रक्ततपासणीचे काय?

मायक्रोआरएनए रक्तातही सापडतात आणि नमुन्यात बऱ्यापैकी टिकून राहतात. म्हणून त्यांच्या प्रमाणावरून कंपवात लवकर ओळखता यावा, असे प्रयत्न जगातील अनेक प्रयोगशाळांत चालू आहेत. अडचण अशी की, एका प्रयोगशाळेच्या यादीतील रेणू दुसरीच्या यादीशी जुळत नाहीत. रक्त काढताना तांबड्या पेशी फुटल्या तरी आकडे बदलतात. वय, इतर आजार आणि चालू औषधे यांचाही परिणाम होतो. रोज वापरता येईल अशी मायक्रोआरएनएची प्रमाणित तपासणी कंपवातासाठी अद्याप उपलब्ध नाही.

दुसऱ्या एका दिशेने मात्र प्रगती झाली आहे. पाठीच्या कण्यातील पाण्याचा नमुना घेऊन त्यात गुठळी करणारे अल्फा-सायन्यूक्लिन आहे का, हे पाहण्याची पद्धत विकसित झाली. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आंतरराष्ट्रीय अभ्यासात तिने सुमारे ८८ टक्के रुग्णांत होकारार्थी उत्तर दिले. तीही आज मुख्यतः संशोधनातच वापरली जाते. निदान अजूनही अनुभवी डॉक्टरांच्या डोळ्यांनी आणि हातांनी होते. रुग्णास चालवून, बोटे जुळवून, हात वळवून पाहूनच ते केले जाते. यास मोठा खर्च लागत नाही. वेळ आणि लक्ष लागते.

आणि औषध?

मिर-७ अल्फा-सायन्यूक्लिन कमी करतो, तर तोच औषध म्हणून का देऊ नये, असे कोणासही वाटेल. प्राण्यांवर असे प्रयोग झाले आहेत आणि ते आशादायक आहेत. परंतु माणसापर्यंतच्या वाटेत तीन अडसर आहेत. पहिला, रक्तातून मेंदूत शिरताना असलेला नैसर्गिक अडथळा. हे रेणू तो सहजी ओलांडत नाहीत. दुसरा, एक लेखापाल अनेक खाती पाहतो. एका खात्यासाठी त्याची संख्या वाढविली तर इतर खात्यांचीही व्हाउचरे अडतील. तिसरा, शरीराची प्रतिकारशक्ती. मिर-३४ कुळातीलच एका रेणूवर आधारलेल्या औषधाची कर्करोगाच्या रुग्णांवर चाचणी चालू होती. गंभीर प्रतिकारक्षमताजन्य दुष्परिणामांमुळे ती २०१६ साली थांबवावी लागली. म्हणून संशोधक जपून पावले टाकीत आहेत आणि ते योग्यच आहे. आजमितीस कंपवातासाठी मायक्रोआरएनएचे कोणतेही मान्यताप्राप्त औषध नाही. तसे औषध देतो असे कोणी सांगितल्यास पैसे भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांशी अवश्य बोलावे.

महाराष्ट्राचा वाटा

कंपवाताच्या अभ्यासात आपल्या राज्याचे एक काम जगभर उद्धृत होते. डॉ. नादिर भरूचा व त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईतील पारशी वसाहतींत घरोघर जाऊन १४,०१० व्यक्तींची पाहणी केली. १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत कंपवाताचे ४६ रुग्ण आढळले, म्हणजे लाखामागे सुमारे ३२८. भारतातील अन्य पाहण्यांत हे प्रमाण बरेच कमी आले आहे. पारशी समाजात वृद्धांची संख्या जास्त, हे याचे एक उघड कारण. परंतु या पाहणीचा आणखी एक धडा आहे : दारोदार जाऊन शोधले की रुग्ण सापडतात, रुग्णालयात बसून वाट पाहिली तर जे येतात तेवढेच मोजले जातात.

मायक्रोआरएनएवरील बहुतांश अभ्यास युरोप, अमेरिका, चीन आणि जपानमधील रुग्णांवर झालेले आहेत. आपल्या लोकांचा अनुवंश, आहार आणि परिसर निराळा असल्याने तेथील निष्कर्ष येथे तसेच लागू पडतील असे गृहीत धरता येत नाही. एलआरआरके-२ या जनुकातील जो दोष काही देशांत बराच आढळतो, तो भारतीय रुग्णांत क्वचितच सापडला आहे. भारतीय रुग्णांच्या अनुवंशाचा व्यापक अभ्यास देशातील अनेक केंद्रांनी मिळून हाती घेतला आहे. बेंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत मेंदूदान स्वीकारणारी मेंदूपेढीही आहे. हे संशोधन पुढे जाण्यास आपल्या माणसांचे नमुने आणि नोंदी लागतील, हे सुजाण वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आपल्या जिल्ह्यात आज काय करता येईल

परभणी हा शेतकऱ्यांचा जिल्हा. कापूस, सोयाबीन, तूर ही आपली पिके आणि फवारणी हा शेतीचा नित्याचा भाग. २०११ साली अमेरिकेतील शेती व फवारणी करणाऱ्यांच्या अभ्यासात पॅराक्वाट हे तणनाशक आणि रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांत कंपवाताचे प्रमाण सुमारे अडीचपट आढळले. फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला आजार होतो असे यातून निघत नाही. पण तोंडाला मास्क, हातात मोजे, वाऱ्याच्या दिशेचे भान आणि काम संपताच आंघोळ व कपडेबदल, एवढी खबरदारी कोणत्याही औषधापेक्षा स्वस्त आहे.

रुग्णांच्या कुटुंबीयांसाठी पुढील गोष्टी आम्ही आग्रहाने नमूद करतो.

१. मंदपणा, एका बाजूचा कंप, आखूड पावले ही लक्षणे वयावर ढकलू नयेत. एकदा तरी तज्ज्ञ डॉक्टरांना दाखवावे.

२. चालू असलेली सर्व औषधे बरोबर न्यावीत. चक्कर, उलटी किंवा मानसिक आजारासाठी दिल्या जाणाऱ्या काही औषधांनी, उदाहरणार्थ सिनारिझिन, मेटोक्लोप्रमाइड, हॅलोपेरिडॉल यांनी, हुबेहूब कंपवातासारखी लक्षणे होऊ शकतात. डॉक्टरांच्या सल्ल्याने ती बदलल्यास बहुतेकांत लक्षणे हळूहळू ओसरतात.

३. लेवोडोपाच्या गोळ्या घड्याळाच्या काट्यावर द्याव्यात. डाळ, दूध, मांस यांतील प्रथिनांमुळे गोळीचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून बहुधा ती जेवणाच्या अर्धा तास आधी देतात. शेतीची कामे, लग्नसराई, प्रवास किंवा अन्य आजारासाठी रुग्णालयात भरती असताना मात्रा चुकू देऊ नये.

४. बरे वाटले म्हणून किंवा पैशाची ओढाताण आहे म्हणून गोळ्या एकाएकी कधीही बंद करू नयेत. त्यामुळे तीव्र ताप, कमालीचा ताठरपणा आणि जिवावर बेतणारी अवस्था येऊ शकते. खर्चाची अडचण असल्यास प्रथम आमच्या समाजसेवा विभागाशी बोलावे. राज्यातील धर्मादाय रुग्णालयांत निर्धन व दुर्बल घटकांतील रुग्णांसाठी प्रत्येकी १० टक्के खाटांची तरतूद आहे आणि निर्धन रुग्ण निधीची सोयही आहे. शिधापत्रिका व उत्पन्नाचा दाखला सोबत आणावा.

५. रोजचे चालणे, हातपायांचे व्यायाम, मोठ्याने वाचन वा भजन म्हणणे यांचा उपयोग होतो. घरातील उंबरठे, ओली मोरी, अंधारी पडवी येथे पडण्याचा धोका असतो. तेथे दिवा आणि धरायला दांडी बसवावी.

६. रुग्णाइतकाच त्याची शुश्रूषा करणाऱ्याचाही विचार व्हावा. ही व्यक्ती बहुतेक घरांत पत्नी किंवा सून असते. मुंबईत २००१ साली स्थापन झालेली पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आणि पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळ यांनी रुग्ण व कुटुंबीयांना एकत्र आणून जे काम उभे केले आहे, ते पाहता अशी बैठक तालुक्याच्या गावीही भरू शकते. त्यासाठी एक खोली, एक सतरंजी आणि महिन्यातून दोन तास पुरेत.

देणगीदारांस निवेदन

आपल्यापैकी काहींनी आधुनिक तपासणीच्या यंत्रांसाठी देणगी देण्याची इच्छा व्यक्त केली आहे. आपल्या सद्भावनेचा आम्हाला आदर आहे. मायक्रोआरएनएची तपासणी उद्या सिद्ध झाली, तर ती आपल्या जिल्ह्यातील माणसालाही मिळावी असा आमचा प्रयत्न राहील. पण आजच्या घडीला कंपवाताच्या रुग्णाचे आयुष्य सुसह्य करणाऱ्या गोष्टी साध्या आहेत : वेळेवर निदान, अखंड गोळ्या, व्यायाम शिकविणारा फिजिओथेरपिस्ट आणि जिंतूर, पालम, सोनपेठसारख्या ठिकाणांहून येण्यासाठी लागणारे गाडीभाडे. पेशीतील लेखापालाने आम्हाला शिकविलेला धडा हाच आहे की, जे जेथे आणि जेवढे हवे, ते तेथे आणि तेवढेच पोहोचले पाहिजे. आपल्या देणगीच्या विनियोगातही हीच शिस्त पाळण्याचे अभिवचन आम्ही देतो.